पावसाळ्यात बसणारा आवाज

शेंदूरजनाघाट हे गाव सातपुड्याच्या पायथ्याशी, वरूड तालुक्यात, मध्य प्रदेशाच्या हद्दीला जवळजवळ टेकून वसले आहे. संत्र्याच्या कलमांसाठी त्याचे नाव दूरदूरच्या बागाईतदारांना ठाऊक असते. जंभेरीच्या खुंटावर डोळा बांधणाऱ्याला हवेतली ओल आणि पहाटेचा गारठा यांचा अंदाज घ्यावाच लागतो. तो चुकला तर डोळा फुटत नाही. याच हवेत गेली सत्तर-ऐंशी वर्षे आणखी एक नाजूक वस्तू घरोघर नांदत आली आहे. ती म्हणजे स्पीकर. त्याच्या पोटात कागद आहे, डिंकासारखा चिकट थर आहे, लोखंड आहे, लाकूड आहे, आणि यांतल्या प्रत्येकाचे हवामानाशी वेगळे भांडण आहे.

वऱ्हाडची हवा या भांडणाला फार सोयीची. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला भिडतो आणि दुपारची आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली उतरते. जुलै-ऑगस्टच्या झडीत तीच आर्द्रता ऐंशी-नव्वदच्या घरात जाते. पौषातल्या पहाटे थंडी आठ-दहा अंशांवर येते. कोकणात ओल मुरलेलीच असते, त्यामुळे तिथली वस्तू निदान एका सवयीची होते. वऱ्हाडात दोन्ही टोके एकाच वर्षात गाठावी लागतात.

चावीच्या फोनोला याचे फारसे काही वाटत नसे. कापसाच्या तेजीच्या दिवसांत देशमुख-पाटलांच्या वाड्यांत जे ग्रामोफोन आले, त्यांच्या साउंडबॉक्समध्ये अभ्रकाची पातळ चकती असे. अभ्रक पाणी शोषत नाही, सडत नाही, त्याला बुरशी चढत नाही. आणि त्या काळी जगाला चांगले अभ्रक पुरवणारा मोठा प्रदेश आपल्याकडचा कोडरमाच होता. आवाज मोठा करायला पत्र्याचा कर्णा, फिरवायला स्प्रिंग. चकतीच्या कडेला बसवलेली रबराची गादी तेवढी काही वर्षांत कडक व्हायची आणि आवाज किनरा येऊ लागायचा. तबकडी मात्र लाखेची. ग्रामोफोन कंपनीने 1908 साली कलकत्त्यात कारखाना काढल्यावर देशी गाण्यांच्या तबकड्या इथेच छापल्या जाऊ लागल्या. वैशाखात खिडकीपाशी राहिलेली तबकडी वाकून जायची आणि तिच्यावरची सुई डोंगर-दऱ्या करत फिरायची. म्हणजे फोनोचा खरा शत्रू ऊन होते. ओलीची पाळी पुढे आली.

ती आली कागदाबरोबर. 1925 साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघांनी आजच्या स्पीकरचा मूळ आराखडा मांडला. लोहचुंबकाच्या बारीक फटीत तारेची गुंडाळी, तिला जोडलेला कागदाचा कोन, गुंडाळीत वीज कमी-जास्त झाली की कोन पुढे-मागे. शंभर वर्षांत यात मूलभूत बदल झालेला नाही. कागद निवडला जाण्याचे कारण सरळ आहे. तो हलका आहे, पुरेसा ताठ आहे, आणि स्वतःचा आवाज फारसा मिसळत नाही. पण कागद म्हणजे झाडाचा तंतू. हवेत पाणी असले की तो ते ओढून घेतो. कोरड्या हवेत कागदाच्या वजनात चार-पाच टक्के पाणी असते, दमट हवेत ते बारा-पंधरा टक्क्यांपर्यंत चढते. कोन तेवढा जड होतो, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे मऊ पडतो. मऊ कोन झटकन हलत नाही. झांजेची किणकिण, सतारीच्या तारेचा पहिला ठोका, निवेदकाच्या तोंडचे ‘स’ आणि ‘श’ बोथट होतात. माणसाचा घसा बसतो तसा आवाज बसतो.

एवढ्यावर भागले तर बरे. गुंडाळी ज्या फटीत हलते ती मिलिमीटरभरही रुंद नसते. ओलसर कोन जरासा एका अंगाला झुकला की गुंडाळी चुंबकाला घासते आणि करकर सुरू होते. फटीतल्या लोखंडाला गंज चढला की त्याची भुकटी गुंडाळीत शिरते. सुरुवातीच्या कित्येक स्पीकरांत कोनाच्या कडेला मऊ कातड्याची पट्टी असे. तिच्यावर श्रावणात पांढरी बुरशी धरायची.

तरीही जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओंनी वऱ्हाडातले पावसाळे बऱ्यापैकी काढले. कारण त्यांच्या पोटातच शेकोटी होती. विजेवर चालणारा व्हॉल्व्हचा संच चाळीस-पन्नास वॉट सहज खाई, आणि त्यातला बहुतेक भाग आवाजात न जाता उष्णतेत जाई. त्या काळच्या अनेक स्पीकरांत कायमचे चुंबक नसून विजेने चुंबकत्व आणणारी मोठी गुंडाळी असे, तीही तापायची. संध्याकाळी दोन तास रेडिओ लागला की लाकडी पेटीतली हवा कोरडी होई, कोन सुकून ताठ होई. पहिल्या बातमीपत्राला घोगरा असलेला आवाज तासाभराने मोकळा व्हायचा, आणि घरातली माणसे म्हणायची, रेडिओ तापला. यात निव्वळ व्हॉल्व्हचेच नव्हे, तर कागदाचेही तापणे होते.

आकाशवाणीचे नागपूर केंद्र 1948 च्या जुलैमध्ये सुरू झाले. शेंदूरजनाघाटपासून नागपूर सरळ रेषेत नव्वद-शंभर किलोमीटर. मध्यम लहरींवर ते दिवसाही लागे. 1952 पासून बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवरची बिनाका गीतमाला, 1957 च्या ऑक्टोबरपासून विविध भारती. पण ऐकायचे तर वीज हवी, आणि तेव्हा बहुतेक गावांत ती नव्हती. मग कोरड्या बॅटऱ्यांवरचे संच आले. त्यांत शेकोटी अगदीच मंद, कारण बॅटरी पुरवून वापरायची. शिवाय बॅटरीला थंडीचे वावडे. गारठ्यात तिच्यातली रासायनिक क्रिया मंदावते आणि रात्री ऐन गाण्याच्या वेळी आवाज खोल जातो. यावर जो उपाय निघाला तो पुढे ट्रान्झिस्टरच्या काळातही टिकला: सेल काढून उन्हात ठेवायचे. त्यात पुन्हा वीज भरली जात नाही, पण ऊब मिळाली की उरलासुरला जोर बाहेर येतो. म्हणजे हा उपाय भाबडा होता, तरी अगदीच खोटा नव्हता.

या काळातली एक गंमत कापसाची. जुन्या रेडिओंच्या गुंडाळ्यांतल्या तारांवर सुताचे किंवा रेशमाचे वेष्टन असे. सूत ओल ओढते. ओल ओढली की गुंडाळीचे गुणधर्म सरकतात आणि केंद्र जागा सोडते. ज्या कापसाच्या पैशातून वऱ्हाडात रेडिओ विकत घेतला गेला, तोच कापूस आत बसून स्टेशन हलवत होता. मेणात बुडवलेल्या गुंडाळ्या आणि नंतर इनॅमल चढवलेली तार यांनी हा घोळ संपवला. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आणि पॅसिफिकच्या बेटांवर फौजांचे बिनतारी संच पावसाळी बुरशीने बंद पडू लागले, तेव्हा बुरशीनाशक मिसळलेले वॉर्निश फवारायची पद्धत सार्वत्रिक झाली. पुढे उष्ण कटिबंधासाठी बनवलेल्या घरगुती संचांनाही या धड्याचा फायदा झाला.

सर्वांत दुर्दैवी ठरला तो स्फटिकाचा मायक्रोफोन, आणि त्याचाच भाऊ रेकॉर्डप्लेअरचा पिकअप. दोन्हींत रोशेल मिठाचा तुकडा असे. हे मीठ टार्टारिक आम्लापासून बनते, म्हणजे चिंचेच्या आंबटपणाचे ते नातलग. दाबले की त्यातून वीज निघते, आणि ते स्वस्त पडते, म्हणून जगभर चालले. पण हवा फार दमट झाली की ते पाझरू लागते, फार कोरडी झाली की त्यातले पाणी उडून त्याचे पीठ होते, आणि साधारण 55 अंशांना ते कायमचे निकामी होते. मे महिन्यात पत्र्याच्या पेटीत घालून बंडीवर बांधलेल्या मायक्रोफोनला 55 अंश गाठायला किती वेळ लागणार? वऱ्हाडचे अख्खे वर्ष जणू या मिठाच्या मुळावर उठलेले. पुढे सिरॅमिकचे पिकअप आणि चुंबकाचे मायक्रोफोन आले तेव्हा सुटका झाली.

मायक्रोफोनच्या पलीकडच्या टोकाला भोंगा होता, आणि तो मात्र या प्रदेशाला मानवला. अॅल्युमिनियमचा कर्णा, मागे ‘युनिट’, युनिटात कागदाऐवजी बेकेलाइटसारख्या रसायनात भिजवून घट्ट केलेल्या कापडाची चकती. ओल तिला फारशी लागत नाही. आवाज कर्कश, पण दूर जाणारा. वऱ्हाडाला अशा आवाजाची गरजही होती, कारण इथे ऐकणारी माणसे हजारोंनी जमत. यावलीला 1909 मध्ये जन्मलेले तुकडोजी महाराज खंजिरीवर भजने गात गावोगाव फिरले; मोझरीचा गुरुकुंज आश्रम 1935 चा. खंजिरीवर परंपरेने घोरपडीचे कातडे असते, आणि ते हवेतल्या ओलीने सैल पडते. खंजिरी, डफ, हलगी वाजवणारे जुने लोक कार्यक्रमाआधी कातडे शेकून घेतात. ध्वनिक्षेपकाच्या कोनाला जे होते ते कातड्याला हजारो वर्षे होत आले आहे. फरक इतकाच, की कातड्याच्या माणसाला उपाय माहीत होता, आणि कोन शेकायचा असतो हे कोणी सांगितले नव्हते.

हिवाळ्यात याच भोंग्याचे रूप पालटते. चांदूर बाजार तालुक्यात सातपुड्याच्या कुशीत बहिरमची यात्रा डिसेंबरअखेरीपासून महिनाभराहून जास्त चालते. हंडीतले मटण आणि रोडगे यांची तिची कीर्ती आजही आहे. एकेकाळी तिथे तमाशाचे फड आणि तंबूतले सिनेमेही असत. थंडीच्या रात्री अशा यात्रांचा आवाज मैलोगणती ऐकू जातो, हे जुने लोक सांगतात, आणि ते बरोबर आहे. एरवी जमिनीजवळची हवा गरम आणि वरची थंड असते, त्यामुळे आवाज वर वळून निघून जातो. निरभ्र हिवाळी रात्री जमीन झपाट्याने निवते, तिच्यालगत थंड हवेचा थर साचतो आणि वर तुलनेने ऊबदार थर राहतो. आवाज ऊबदार हवेत वेगाने जातो. 10 अंशांना सेकंदाला सुमारे 337 मीटर, 40 अंशांना सुमारे 355. वरच्या थरातली लाट पुढे सरकते आणि सगळा आवाज खाली, जमिनीकडे वाकतो. शेंदूरजनाघाटासारख्या पायथ्याच्या गावांत डोंगरावरची गार हवा उताराने खाली येऊन साचते, म्हणून तिथे हा परिणाम आणखी ठळक. कार्तिकात पहाटे काकड आरती लागली की शेजारच्या गावातले शब्दही कळतात. त्यात भोंग्याची करामत थोडी, थंडीची फार. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचा नियम 2000 साली आला. हवेच्या दृष्टीने पाहिले तर आवाज सर्वांत लांब पोचण्याचे तास नेमके तेच.

ट्रान्झिस्टर आला आणि पेटीतली शेकोटी विझली. साठ-सत्तरच्या दशकांत मर्फी, बुश, फिलिप्स यांचे संच ओसरीवर, वावरात, सायकलच्या दांडीवर दिसू लागले. वीज जवळपास लागतच नाही, म्हणून उष्णताही नाही. फायदा इतका मोठा होता की तोटा कोणाच्या ध्यानात आला नाही: पावसाळ्यात कोन आता आपोआप सुकत नव्हता. वर कातडी पिशवी. तिच्या भोकांतून आवाज बाहेर यायचा आणि ओल आत जायची, आणि गणपतीपर्यंत पिशवीला हिरवट-पांढरी बुरशी चढलेली असायची.

रेडिओ बाळगायला लागणारा परवाना ऐंशीच्या दशकात रद्द झाला, त्याच सुमारास कॅसेट घरोघर शिरली आणि दिवाणखान्यात दोन स्पीकरांची जोडी मांडणे ही प्रतिष्ठेची गोष्ट झाली. सोनोडाइन, कॉस्मिक ही देशी नावे तेव्हाची. या पिढीच्या अनेक स्पीकरांत कोनाभोवती फोमची मऊ कडा होती. फोमने बास खोल मिळाला. पण या कामात सर्रास वापरलेला पॉलिएस्टर जातीचा पॉलियुरेथेन फोम हवेतल्या पाण्याने रासायनिक रीतीने तुटतो. स्पीकर वाजवा की न वाजवा, दहा-पंधरा-वीस वर्षांत कडेचा चिकट चुरा होतो आणि बोट लावले की गळून पडतो. अनेक घरांत यासाठी मुलांना बोलणी बसली. दोष बहुधा मुलांचा नव्हता.

अमरावती-अकोल्याच्या दुरुस्तीच्या दुकानांतून कोन बदलून देण्याचे काम यावरच वाढले. जुना कोन आणि गुंडाळी काढायची, फटीतला गंज चिकट पट्टीने टिपून घ्यायचा, नवी गुंडाळी मध्यावर राहावी म्हणून भोवती पातळ पट्ट्या खोचायच्या, कोन चिकटवून सुकू द्यायचा, मग पट्ट्या ओढून काढायच्या. हे काम झडीच्या दिवसांत घाईने केले की बिघडते, कारण चिकटवण सुकत नाही आणि कोन तिरपा बसतो. मुरलेला कारागीर अशा वेळी स्पीकर पेटत्या बल्बखाली ठेवतो आणि गिऱ्हाइकाला परवा बोलावतो. गिऱ्हाईक कुरकुरते, तरी कारागिराचेच खरे असते.

कागदाला पर्याय शोधणारी मंडळी दूर इंग्लंडमध्ये होती. बीबीसीला आपल्या स्टुडिओंतले सगळे स्पीकर एकसारखे वाजायला हवे होते, आणि कागदाच्या दोन कोनांत कधी पूर्ण सारखेपणा नसे. हवा बदलली की आणखी फरक. तिथल्या संशोधन विभागाने साठच्या दशकात बेक्सट्रीन नावाच्या प्लास्टिकचे कोन वापरात आणले. त्याच विभागातल्या डडली हारवुड यांनी नंतर पॉलिप्रॉपिलीनचा कोन पुढे आणला आणि 1977 मध्ये हारबेथ ही कंपनी काढली. पॉलिप्रॉपिलीन पाणी पीतच नाही. फोमच्या जागी रबराची कडा आली. आज साध्या स्पीकरांतही ही जोडी दिसते, आणि ओलीचा प्रश्न बराचसा मिटला आहे.

मग थंडीचे काय? रबर गारठ्यात ताठरते, गुंडाळी सावरणारी जाळीही आखडते, त्यामुळे पहिली काही मिनिटे बास कोता वाटतो. वाजत राहिले की अर्ध्या तासात आवाज पूर्वपदावर येतो. फेराइट चुंबकाला फार कडाक्याच्या थंडीत थोडे चुंबकत्व गमावण्याची भीती असते, पण ती थंडी वऱ्हाडात पडत नाही, चिखलदऱ्यालाही नाही. कॅनडात वा अमेरिकेच्या उत्तरेला राहणाऱ्या मराठी घरांना मात्र हे प्रकरण ओळखीचे असेल: शून्याखालच्या गॅरेजमधून स्पीकर उबदार खोलीत आणला की धातूवर दव धरते, आणि ते सुकेपर्यंत काही तास थांबणे बरे. आपल्याकडे थंडीला उगाच बोल लागतो. जानेवारीत जो स्पीकर कुरकुरतो, त्याचे दुखणे बहुतेक वेळा ऑगस्टमध्ये सुरू झालेले असते.

पेटीचाही एक इतिहास आहे. मेळघाटातले सागवान हाताशी असलेल्या सुतारांनी एकेकाळी स्पीकरच्या पेट्या सागाच्याच केल्या. साग ओलीला दाद देत नाही. मात्र मे महिन्यात आक्रसून सांधा उकलला तर फटीतून हवा शिट्टी घालते. नंतर प्लायवूड, आणि मग भुश्याच्या दाबलेल्या पाट्या. या पाट्या फरशीवरची ओल खालून ओढतात आणि बुडाशी फुगतात. एकदा फुगल्या की पूर्ववत होत नाहीत.

आणि मग कूलर. विदर्भाबाहेरच्या माणसाला याचे महत्त्व कळणे अवघड आहे. मार्चअखेरीस खिडकीत कूलर बसतो तो मृगापर्यंत हलत नाही. ओल्या वाळ्यातून किंवा लाकडी भुश्याच्या जाळीतून येणारी हवा गार असते, कारण ती पाण्याने भरलेली असते. वर्षातले जे तीन महिने स्पीकरला कोरडे मिळायचे, तेच कूलरने घालवले. बाहेर आर्द्रता पंधरा टक्के, खोलीत सत्तर. आणि टीव्ही-स्पीकरची शोकेस नेमकी कूलरच्या समोर, कारण माणसे कूलरच्या झोतात बसून टीव्ही बघतात. या प्रदेशात पावसाळे दोन झाले: एक आकाशातला आणि एक खिडकीतला.

फोनोच्या तबकड्या, हार्मोनियम किंवा कॅमेरा सांभाळणारे शौकीन यावर एक स्वस्त इलाज करत. कपाटात झिरोचा बल्ब दिवस-रात्र पेटता ठेवायचा. दहा-पंधरा वॉटच्या उबेने आतली आर्द्रता उतरते, बुरशी धरत नाही. व्हॉल्व्हच्या संचाने फुकटात दिलेली शेकोटी लोकांनी वेगळी विकत घेतली, म्हणा ना. आता बाजारात मिळणारे झिरोचे दिवे एलईडीचे असतात. ते अर्धा-एक वॉट खातात आणि जवळपास तापतच नाहीत. कपाटात उजेड पडतो आणि बुरशीही वाढते. ज्यांना जुने स्पीकर टिकवायचे आहेत ते सिलिका जेलच्या पुड्या ठेवतात, पेटी भिंतीपासून हातभर दूर आणि फरशीपासून चार बोटे वर घेतात, आणि झडीत रोज तासभर स्पीकर वाजवतात, कारण वाजणारी गुंडाळी थोडी का होईना तापते.

शेंदूरजनाघाटच्या आसपास सध्या स्पीकरचे सर्वांत अवघड काम घराबाहेर चालते. संत्र्याच्या बागा आणि हरभऱ्याची वावरे रानडुकरांपासून राखायला शेतकरी बॅटरीवरचा छोटा भोंगा काठीला बांधतात. त्यात माणसाची आरोळी, कुत्र्याचे भुंकणे, वाघाची डरकाळी भरलेली असते आणि ती रात्रभर फिरून फिरून वाजते. कर्णा प्लास्टिकचा, आत प्लास्टिकचीच चकती, म्हणून दवाचे त्याला काही होत नाही. खराब होतात ती बॅटरीची टोके, तांब्याला हिरवा थर चढून. त्यावर ग्रीस चोपडतात, आणि कर्ण्याचे तोंड थोडे खाली झुकवून बांधतात, म्हणजे दव आणि अवकाळी पाऊस आत साचत नाही. डुकरे काही दिवसांनी त्या आवाजाला सरावतात. मग मेमरी कार्ड बदलावे लागते.